धक्का मारला की चालू, सेल्फ मारला की बंद!

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं आणि गाडी सुरूच व्हायला तयार नाही. मग सुरू होतो पार्ट बदलण्याचा खेळ. देवणीच्या एका अंगणात उभ्या असलेल्या जीपनं शिकवलेली गोष्ट साधी आहे : आधी मोजा, मग बदला.

तुमच्या घरी, नाहीतर गल्लीत, एक तरी अशी गाडी असेल. बॉडी आजोबांच्या काळातली, इंजिन कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं, सीट तिसरीच्या आणि हॉर्न थेट ट्रकचा. ही गाडी कायम उतारावर लावलेली असते. सकाळी धक्का मारायला चार पोरं मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर उतार आहेच.

माझ्या मामाची जीप तशीच. मामा देवणीचा. देवणी म्हणजे लातूर जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं तालुक्याचं गाव. इथल्या गायी-बैलांच्या जातीलाच गावाचं नाव आहे. बैल विकत घ्यायचा तर मामा त्याचे दात मोजणार, खूर बघणार, चालवून बघणार, पाठीवर हात फिरवणार. तासभर हे चालतं. पण हाच मामा गाडी बंद पडली की मिस्त्री सांगेल तो पार्ट न बघता विकत आणतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच होतं की नाही सांगा!

मामाच्या जीपचं हे तिसरं इंजिन. आजोबांनी घेतली तेव्हा ती पेट्रोलवर चालायची. पुढं डिझेल इंजिन बसलं. ते वीसेक वर्षं राबलं आणि गेल्या वर्षी त्यानं हात टेकले. मग भंगारात निघालेल्या दुसऱ्या एका जीपचं त्याच जातीचं डिझेल इंजिन आणून बसवलं. इंजिन चांगलं होतं. आवाज गोल, धूर नाही. फक्त सेल्फ मारला की 'खर्र... खर्र...' करायचं आणि थांबायचं. गाडी गरम असली की आणखी वाईट.

पहिल्या मिस्त्रीनं सांगितलं, बॅटरी गेली. नवी बॅटरी, साडेसहा हजार. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, सेल्फ गेला. सेल्फ खोलून दुरुस्त केला, अठ्ठावीसशे. तिसरा म्हणाला, डिझेल पंप. पंप उतरवून लातूरला गेला, आला, सात हजार. एकूण सोळा हजार तीनशे रुपये गेले आणि गाडी होती तिथंच, उतारावर.

मग एका रात्री आजीला दम लागला. उदगीरला दवाखान्यात न्यायचं होतं. घाईत जीप त्या दिवशी नेमकी सपाट जागेवर लावलेली. सेल्फ मारला, खर्र... गप्प. मामानं गल्लीत हाका मारल्या, झोपेतून उठून चार माणसं आली, धक्का मारला, गाडी लगेच सुरू झाली. आजी वेळेत पोचली, बरी झाली. पण मामाचं मन उडालं. "भंगारवाला येणार हाय रविवारी," त्यानं मला फोनवर सांगितलं. "बॅटरी नवी, सेल्फ नवा, पंप नवा. आता म्या नवा होऊ का?"

एक प्रश्न, जो कुणी विचारलाच नाही

त्या रविवारी मी देवणीत होतो. भंगारवाला यायचा होता दुपारी. सकाळी मामेबहिणीनं बापाला विचारलं, "पप्पा, धक्का मारल्यावर गाडी चालू व्हती का?"

"व्हती की. लगेच."

"मंग पंप कामून काढलात?"

मामा गप्प.

ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाडीचं काम तिनं शिकलेलं नाही. पण तिचा प्रश्न बघा. डिझेल इंजिनला पेटायला दोनच गोष्टी लागतात : नीट दाबलेली, म्हणून तापलेली हवा आणि योग्य वेळी आत उडालेलं डिझेल. धक्क्यावर गाडी लगेच सुरू होते, म्हणजे दोन्ही गोष्टी जागेवर आहेत. पंप चांगला, नोझल चांगले, कॉम्प्रेशन चांगलं. कमी पडतंय ते फक्त इंजिन फिरवणं. म्हणजे दोष बॅटरी, सेल्फ आणि त्यांच्यामधल्या तारा, एवढ्यातच कुठंतरी. एका प्रश्नानं अर्धी गाडी संशयातून मोकळी झाली. हा प्रश्न आधी विचारला असता तर सात हजार वाचले असते.

बॅटरी आणि सेल्फ तर नवे. मग उरलं काय? तारा.

साडेतीन व्होल्ट गेले कुठं?

तिनं घरातून मीटर आणला. तोच, तीन-साडेतीनशे रुपयांचा पिवळा मल्टीमीटर, जो तुमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्येही असतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, डिझेल बंद करायची दांडी ओढून धरलेली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही.

पहिलं माप : बॅटरीच्या दोन टोकांवर, काहीही चालू नसताना. १२.६ व्होल्ट. बॅटरी पूर्ण भरलेली.

दुसरं माप : त्याच दोन टोकांवर, मामा सेल्फ मारत असताना. ११ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरी साधारण साडेनऊ-दहाच्या खाली गेली तर तिच्यावर संशय घ्यायचा. इथं ती मजबूत उभी होती आणि तरी सेल्फ रडत होता.

तिसरं माप, खरं माप : मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर. मामानं सेल्फ मारला. मीटरवर ३.४.

"हितं शून्याच्या आसपास पायजे," ती म्हणाली. "फार तर अर्धा व्होल्ट."

याचा अर्थ काय? बॅटरीतून निघालेला करंट जाड तारेनं सेल्फमध्ये जातो, सेल्फ फिरवतो आणि इंजिनच्या लोखंडातून परत बॅटरीच्या निगेटिव्हकडे येतो. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात. बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला जोडलेला असतो. पण इंजिन चेसिसवर थेट बसत नाही, ते रबराच्या फाउंडेशनवर बसतं, म्हणजे हादरे अंगावर येत नाहीत. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची एक विणलेली पट्टी लावलेली असते. हातभर लांबीची, दोन बोल्टांची, काळी पडलेली, कुणाच्या नजरेत न भरणारी.

मामाच्या जीपमध्ये ही पट्टी नव्हतीच. जुनं इंजिन उतरवताना ती सुटली आणि नवं बसवताना लावायची राहिली.

मग इतके महिने करंट परत कुठून येत होता? हे ऐकून मी चाट पडलो. अॅक्सिलरेटरच्या केबलमधून! पायडलपासून पंपापर्यंत जाणारी लोखंडी तार, तिच्यावरचं स्प्रिंगसारखं आवरण, स्पीडोमीटरची केबल, अशा मिळेल त्या बारीक वाटेनं तो बिचारा चेसिसपर्यंत पोचत होता. मामा कित्येक दिवस म्हणत होता, "पायडल जड झालंय." कारण केबलच्या आतलं प्लॅस्टिक उष्णतेनं वितळत होतं. चार-पाच वेळा सेल्फ मारून मी त्या केबलला हात लावला. चटका बसला.

बहिणीनं शेजारच्या टेम्पोवाल्याकडून जंप केबल आणली. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनच्या एका स्वच्छ बोल्टला. मामा चावीकडं संशयानं बघत बसला होता. त्यानं ती फिरवली आणि इंजिन एका झटक्यात गरगरलं. दांडी सोडली, दुसऱ्या सेकंदाला गाडी सुरू.

नवी पट्टी आणि दोन बोल्ट, सव्वादोनशे रुपये. भंगारवाला आला तेव्हा मामानं त्याला चहा पाजून परत पाठवला.

टेस्ट लॅम्प खोटं कसं बोलतो?

तुम्ही म्हणाल, तीन मिस्त्र्यांपैकी एकालाही अर्थ तपासायचं सुचलं नाही? एकानं तपासला होता. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी इंजिनला लावली, दिवा लागला. "अर्थ ओके." दिवा खरंच लागला होता. तरी निष्कर्ष चुकला.

बारावीचा ओहमचा नियम आठवा : व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. हा नियम परीक्षेत लिहून आपण सोडून दिलेला असतो. टेस्ट लॅम्पला अर्धा-एक अँपिअर पुरतो. डिझेल इंजिनाचा सेल्फ मात्र दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. वाटेत एका ओहमचा शंभरावा हिस्सा एवढाच अडथळा असला तर दिव्यापुढं तो नसल्यासारखा आहे, व्होल्टचा शंभरावा भाग कमी होईल. पण तीनशे अँपिअरला त्याच अडथळ्यापुढं तीन व्होल्ट गळतात. पायवाटेनं एक माणूस आरामात जातो. त्याच वाटेनं जत्रा गेली की कोंडी होते.

म्हणून जाड तारांची परीक्षा सेल्फ मारत असतानाच घ्यायची. मीटरची 'बीप' वाजली, दिवा लागला, यावर समाधान मानायचं नाही. निगेटिव्हची वाट मोजली तशीच प्लसचीही मोजायची : एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. तिथंही अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर तार बारीक आहे, सडली आहे, नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. पेट्रोल इंजिन आत हवा सात-आठ पट दाबतं, डिझेल वीस पटीच्या आसपास. तेवढं फिरवायला ताकद जास्त लागते. पण बॅटरी आणि तारा जुन्याच, पेट्रोलच्या मापाच्या राहतात.

इंजिन बदलण्याची जुनी परंपरा

'इंजिन बदललेली गाडी म्हणजे जुगाड' असं म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडच्या जीपचा इतिहासच इंजिन बदलण्याचा आहे. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावानं सुरू झालेली कंपनी पुढं मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी करू लागली. त्या जीप पेट्रोलच्या. १९८० च्या दशकात कंपनीनं त्याच अमेरिकी घडणीच्या गाडीत फ्रान्सच्या प्यूजोचं २,११२ सीसी डिझेल इंजिन बसवलं. ती 'एमएम ५४०' तुमच्या आई-वडिलांनी नक्की पाहिलेली असेल. म्हणजे जे काम गल्लीतला मिस्त्री करतो, तेच कारखान्यानं केलं. फरक एवढाच, की कारखान्यात राहिलेल्या बोल्टांची यादी करायला माणसं होती.

लोकांनी डिझेलकडं धाव घेतली ती दरामुळं. सरकार डिझेलचा दर दाबून ठेवायचं. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्याआधी दोन्हींत इतकं अंतर असायचं, की पेट्रोलची जीप नाहीतर अॅम्बेसेडर दाराशी असणारा माणूस डिझेल इंजिनाच्या शोधातच असायचा.

आणि सेल्फ नसेल तर? तुमच्या आजोबांना विचारा. विहिरीवरचं डिझेल इंजिन ते हँडल मारून सुरू करायचे. आधी वरची दांडी उचलून सिलिंडरमधला दाब सोडायचा, हँडल गरागरा फिरवायचं, वेग आला की दांडी टाकायची. ठक-ठक-ठक! कधीकाळी मोटारीही अशाच सुरू व्हायच्या आणि हँडल उलट फिरून माणसांचे हात मोडायचे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरचा विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि मनगटं वाचली.

आधी कान द्या

तुमच्या दाराशी इंजिन बदललेली जुनी गाडी रुसून बसली असेल, तर पाना हातात घेण्याआधी दोन मिनिटं ऐका. हेडलाइट लावा, चावी फिरवा आणि आवाजाकडं व दिव्यांकडं लक्ष ठेवा.

काहीच आवाज नाही, दिवे झगझगीत : चावीपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत जाणारी बारीक वायर बघा. इंजिन बदलताना ती चुकीच्या जागी लागते, नाहीतर लागतच नाही.

'टकटकटकटक' : बॅटरी उतरलेली, नाहीतर बॅटरीचं टर्मिनल ढिलं.

एकच 'टक', दिवे एकदम मंद : करंट निघतोय पण इंजिन हलत नाही. सेल्फ अडकला असेल, इंजिन जाम असेल, नाहीतर बॅटरीत दम नसेल.

सावकाश 'खर्र... खर्र', दिवे मात्र फारसे मंद होत नाहीत : ही आमच्या मामाची केस. बॅटरीत ताकद आहे, ती वाटेत गळतेय. अर्थ मोजा.

सेल्फ 'झुंईऽऽ' करून मोकळाच फिरतो, नाहीतर 'कर्रर्र' दात घासल्याचा आवाज : सेल्फचा गिअर फ्लायव्हीलच्या रिंगला नीट भिडत नाही. इंजिन एका गाडीचं, फ्लायव्हील दुसरीचं आणि सेल्फ तिसरीचा असेल तर दातांचं माप जुळतंय का ते बघा. हे काम मिस्त्रीचंच. घासत राहिलात तर रिंग जाईल.

आणि शेवटचा प्रकार : इंजिन झकास फिरतंय, पण पेटत नाही. इथं बॅटरी, सेल्फ आणि अर्थ यांना रजा द्या. इथून पुढं पेट्रोल आणि डिझेलची वाट वेगळी.

फिरतंय, पण पेटत नाही

डिझेल असेल तर एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरकडं बघा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल आत जातच नाही. पंपावरची बंद करायची दांडी 'बंद' वरच अडकली आहे का? पंपाला विजेचा सोलेनॉइड असेल तर चावी दिल्यावर तिथं १२ व्होल्ट येतायत का? जुन्या गाडीत ती वायर नसतेच, ती नव्यानं टाकायची असते. डिझेलचे दोन पाइप, जाणारा आणि परतीचा, उलटे तर लागले नाहीत ना? आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लाइनमध्ये हवा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. नोझलच्या पाइपजवळ मात्र हात न्यायचा नाही. तिथला दाब इतका असतो, की डिझेलची धार कातडीतून आत शिरते.

पांढुरका धूर येतोय, पण इंजिन घेत नाही, म्हणजे डिझेल जातंय पण जळत नाही. प्यूजोसारख्या जुन्या डिझेल इंजिनांना थंडीत हीटर प्लग लागतात. इंजिन बदललं, हीटरची वायर जोडायची राहिली, तर उन्हाळाभर कळणार नाही आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या गार पहाटे गाडी दगा देईल. हीटर ठीक असेल तर पंपाचं टायमिंग बघावं लागतं आणि ते मिस्त्रीवर सोडा. एक करू नका : हीटर असलेल्या डिझेल इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या हीटरवर तो भडकतो.

पेट्रोल असेल तर आधी स्पार्क बघा. जुन्या गाडीत नव्यानं बसवलेल्या पेट्रोल इंजिनाची एक गंमतीशीर खोड असते. सेल्फ मारेपर्यंत इंजिन ढिम्म आणि चावी सोडताक्षणी एक उसळी मारून सुरू झाल्यासारखं करतं. कॉइलची वायर चावीच्या अशा टोकाला जोडलेली असते, जिथला करंट सेल्फ मारताना तुटतो. म्हणजे जेव्हा ठिणगी हवी, नेमकी तेव्हाच ती गायब. वायर एका टोकावरून काढून दुसऱ्यावर लावायची, एवढंच काम.

कार्बोरेटरमधून 'फट्' असा उलटा बार येत असेल तर डेल्को, म्हणजे ठिणगी वाटून देणारी डबी, अर्धा फेरा उलटी बसली आहे का, नाहीतर प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्यात का बघा. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या जुन्या इंजिनांची फायरिंग ऑर्डर १-३-४-२. तीच समजून भलत्याच इंजिनाला वायरी लावल्या जातात.

हल्लीच्या गाड्यांचं इंजिन जुन्या गाडीत घालणार असाल, तर दुखणं आणखी निराळं. तिथं इंजिनाला स्वतःचा कॉम्प्युटर असतो आणि त्याला स्वतःचीच चावी ओळखीची असते. दुसरी चावी लावली की सेल्फ फिरतो, पण कॉम्प्युटर पेट्रोल सोडत नाही. चोरीपासून वाचवणारी सोयच मालकाला आडवी येते.

चौकट : हात घालण्याआधी

• गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. ओढणी, सैल बाह्या, हातातलं कडं बाजूला.
• बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.
• बॅटरीजवळ काडीपेटी, सिगारेट नको. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.
• सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती.
• इंजिन उतरवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक पट्टी. मामाच्या जीपचा असा एक फोटो असता, तर सोळा हजार वाचले असते.

चौकट : कागदही सुरू व्हायला हवेत

आरसी बुकवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की तो नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. गाडीची मूळ घडण कंपनीनं ठरवलेल्या मापापेक्षा वेगळी करता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. इंधनच बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा, मगच इंजिनाला हात लावा. जुनं इंजिन विकत घेताना बिल आणि ते कुठल्या गाडीतून निघालं याचा कागद घ्या, चोरीचं निघालं तर तुम्ही अडकाल. विमा कंपनीलाही कळवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. नंबर जुळला नाही तर तिथं गाडी अडते आणि तिथं धक्का मारून उपयोग नसतो.

मिस्त्री वाईट नव्हते

शेवटी एक सांगायला हवं. त्या तीन मिस्त्र्यांनी मामाला फसवलं असं मला वाटत नाही. त्यातल्या एकानं तर रात्री नऊला घरी येऊन गाडी बघितली आणि पैसे घेतले नाहीत. इंजिन उतरवताना वीस-पंचवीस गोष्टी सुटतात, त्यातली एखादी राहून जाते. आणि गिऱ्हाईक समोर घड्याळ बघत उभं असलं की मोजण्यापेक्षा बदलणं लवकर होतं. 'काय झालंय?' असं विचारणारं गिऱ्हाईक कमी. 'किती पैसे?' विचारणारेच जास्त.

म्हणून पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात की दोन गोष्टी सांगा. शेवटचं काम काय झालं होतं, आणि गाडी कशानं सुरू होते, कशानं होत नाही. चांगल्या मिस्त्रीला एवढ्यावर निम्मा रस्ता दिसतो. आणि त्याच्याजवळ मीटर नसेल तर तुमचा न्या. या कामाची आवड लागली तर आयटीआयमध्ये 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा आणि 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. आमच्या बहिणीचं बघा. इलेक्ट्रिशियन होऊन बंगल्यांचं वायरिंग करायचं तिच्या डोक्यात होतं. आता गल्लीतले टेम्पोवाले येऊन तिलाच विचारतात, "ताई, जरा मीटर लावून बघता का?"

परवा मामाला फोन केला. जीप मस्त चाललीय, आजीला तपासणीला उदगीरला नेऊन आणलं म्हणाला. मी विचारलं, "मामा, आता गाडी सपाटीला लावता का?"

"न्हाई," मामा म्हणाला. "उतारालाच लावतो. असू दे की!"